परत आणा, पण कुणाच्या हाती?

१९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात दाखल होऊन लोकांसाठी खुली झाली. मिरवणुका, भाषणं, जाहिराती असं सगळं झालं. ही वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी आणली आहेत, ती कायमची परत आलेली नाहीत, ही गोष्ट मात्र त्या गजरात मागे पडली. ती शिवरायांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं त्या संग्रहालयानेच सांगितलेलं आहे. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपये मोजून विकत घेतली. जुलै २०२५ मध्ये पिपरहवा इथल्या स्तूपातली रत्नं भारतात आली. हाँगकाँगला होणारा त्यांचा लिलाव केंद्र सरकारने नोटीस देऊन थांबवला होता. शेवटी गोदरेज उद्योगसमूह मध्ये पडला आणि रत्नांचा मार्ग मोकळा झाला.

वसाहतीच्या काळात नेलेल्या वस्तू परत याव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लुटीचा माल किंवा सत्तेच्या जोरावर उचललेला दगड शंभर वर्षं काचेच्या कपाटात राहिला म्हणून तो ठेवणाऱ्याचा होत नाही. पण ‘भारतात आलं’ म्हणजे पत्ता पूर्ण झाला असं आपण धरून चालतो, तिथे मी थांबते. पाकिटावर फक्त देशाचं नाव लिहून पत्र घरी पोचत नाही. गाव लागतं, गल्ली लागते, दार उघडणारं माणूस लागतं. या वादात आपल्यासारख्यांनी विचारायचा प्रश्न तोच आहे: दार कोण उघडणार?

आधी कायदा समजून घेऊ. १९७० च्या युनेस्को करारानुसार चोरीची सांस्कृतिक वस्तू परत मागायची ती एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाच्या सरकारकडे. हा करार मागच्या काळाला लागू होत नाही, त्यामुळे ब्रिटिश अमदानीत गेलेल्या बहुतेक वस्तू त्याच्या कक्षेत येतच नाहीत. आपल्याकडचा १९७२ चा पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायदाही नोंदणी, व्यापार आणि निर्यात यांवर सरकारचा ताबा बसवतो. म्हणजे मागणारं सरकार, वाटाघाट करणारं सरकार, आणि वस्तू आल्यावर ती कुठे ठेवायची, तिच्यापुढे कोणती पाटी लावायची हे ठरवणारंही सरकारच. ज्या गावातून ती गेली ते गाव, ज्या समाजाची ती श्रद्धा होती तो समाज, ज्या कारागिराने ती घडवली त्याचे लोक, यांना या व्यवहारात खुर्ची नाही. सरकारने कोणती वस्तू मागायची आणि कोणती विसरायची, हे मग राजकारण ठरवतं. तलवारीसाठी तिजोरी उघडते. खांबासाठी, लेखासाठी, अस्थींसाठी ती उघडेलच असं नाही.

मी जबलपूरच्या सदरमध्ये, म्हणजे इथल्या छावणीच्या जुन्या बाजारपेठेत राहते. इथून दोन दिशांना गेलं की या प्रश्नाची दोन उदाहरणं भेटतात. दोन्ही लंडनच्या बातम्यांपेक्षा आपल्याला जास्त शिकवतात.

पहिलं उदाहरण भेडाघाटचं. संगमरवरी कडे आणि चौसष्ट योगिनींच्या मंदिरासाठी लोक तिथे जातात. जवळच तेवर आहे, म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. बाराव्या शतकात कलचुरी राणी अल्हणदेवीने इथे शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा बांधली आणि तसा शिलालेख कोरून ठेवला. त्यावर कलचुरी संवत ९०७ म्हणजे इसवी सन ११५५ ची नोंद आहे. हा दगड आज भेडाघाटात नाही, जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयातही नाही. फिट्झएडवर्ड हॉल हा अमेरिकी संस्कृतज्ञ १८५७ च्या आसपास सागर-नर्मदा प्रदेशात शिक्षण खात्याचा तपासनीस होता. त्याच्यामार्फत हा दगड अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे न्यू हेवनला गेला. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी १९५५ मध्ये कलचुरींच्या लेखांचा मोठा ग्रंथ संपादित केला, तेव्हा दगड तिकडेच असल्याची नोंद त्यांनी केली.

हा दगड परत मागायला हवा का? हवा. पण तो वाचायलाही हवा. राणीची वंशावळ त्यात आहे, कवी आहे, कोरणारा सूत्रधार आहे. मठाच्या खर्चासाठी दान दिलेली दोन गावं आहेत. त्या गावांत नांगर धरणारे, ज्यांच्या घामाचा महसूल एका आचार्याच्या हाती सोपवला गेला, त्यांचं नाव कुठेही नाही. उद्या हा दगड वाजतगाजत जबलपूरला आला आणि पाटीवर ‘धर्मपरायण राणीचं दान’ एवढंच लिहिलं गेलं, तर दगड परत येईल, माणसं परत येणार नाहीत. ती दोन गावं कुणी कसली हा प्रश्न पाटीवर आला, तरच आपल्यासाठी काही परत आलं असं म्हणता येईल.

दुसरं उदाहरण जबलपूरहून सतन्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचं. सतन्याच्या दक्षिणेला भरहुत नावाचं गाव आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात इथे मोठा स्तूप होता आणि त्याभोवती लाल वालुकाश्माचं कोरीव कुंपण होतं. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे पोचला. त्या वेळी हा भाग नागोद संस्थानात होता. स्तूपाचे पुष्कळ दगड आसपासच्या घरांत लागून गेले होते. उरलेले खांब आणि एक तोरण कनिंगहॅमने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमला हलवले. आजही ते तिथेच, एका स्वतंत्र दालनात उभे आहेत. काही खांब प्रयागराजच्या संग्रहालयात गेले, काही सतन्याजवळच्या रामवन इथल्या, तुलसीदासांच्या नावाने चालणाऱ्या संग्रहालयात. दोन तुकडे वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहेत. भरहुतला जाऊन पाहिलं तर जागेवर जवळजवळ काही उरलेलं नाही.

या कुंपणाची खरी श्रीमंती त्याच्या लेखांत आहे. ब्राह्मी लिपीतले दोनशेच्या वर छोटे लेख त्यावर आहेत. काहींत जातककथांची नावं आहेत आणि बरेचसे लेख कुणी काय दिलं ते सांगतात. विदिशेच्या रेवतीमित्राची बायको चापादेवी हिने पहिला खांब दिला. सुलद्ध नावाच्या घोडेस्वाराचं दान आहे. बुद्धरक्षित नावाचा मूर्तिकार आहे, म्हणजे घडवणाराच दाताही आहे. भिक्खू आहेत, भिक्खुनी आहेत. आणि मराठी वाचणाऱ्याने दोनदा वाचावं असं काहीतरी आहे. नाशिकची गोरखिता, वसुकाची बायको, हिने एक खांब दिला आहे. ‘करहकट’ नावाच्या नगराने मिळून दान दिलं आहे. करहकट म्हणजे आपलं कराड, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

थोडं थांबून विचार करा. वाघनखं ज्या साताऱ्यात आली, त्याच जिल्ह्यातल्या कराडच्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी वर्गणी काढून भरहुतच्या कुंपणाला हातभार लावला. नाशिकच्या एका बाईने स्वतःच्या नावाने खांब उभारला. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना शाळेत सांगितली गेली? या लेखांत माणसाची ओळख गावाने, कामाने आणि नात्याने दिलेली आहे. त्यावरून तेव्हा जात नव्हती असा निष्कर्ष मी काढणार नाही, पुरावा तेवढं बोलत नाही. पण घोडेस्वार, मूर्तिकार, भिक्खुनी आणि कुणाची तरी बायको एकाच कुंपणावर स्वतःच्या नावानिशी उभे आहेत, एवढं मात्र तो नक्की बोलतो.

आता वादाची दुसरी बाजू. भरहुत उचललं तेव्हाही कलकत्त्याला हे दगड नेणं म्हणजे विध्वंसच, अशी टीका झाली होती. कनिंगहॅमचं म्हणणं असं होतं की आपण ते हलवले म्हणून वाचले, जे मागे राहिले ते गावकऱ्यांनी बांधकामाला नेले. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. संग्रहालयात गेल्यामुळेच आपण आज गोरखितेचं नाव वाचू शकतो.

पण या युक्तिवादाचे दोन भाग वेगळे करायला हवेत. वाचवलं हा एक भाग. म्हणून कायमचं आमचं, हा दुसरा. पुरात वाहून जाणारं शेजाऱ्याचं भांडं कुणी काढलं तर आपण त्याचे आभार मानू, पण भांडं त्याच्या नावावर करून देणार नाही. आणि गावकरी अडाणी होते म्हणून दगड फोडले, हे जे सहज बोललं जातं, त्याकडेही नीट बघू. ब्राह्मी लिपी तर साऱ्या देशाने विसरलेली होती. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये तिचा उलगडा केला. जो दगड कुणालाच वाचता येत नव्हता, जो विहार शतकांपूर्वी ओस पडला होता, त्याचा चौथरा शेतकऱ्याने घराला वापरला, यात गुन्हा कसला? विहार कसे ओस पडले, बुद्धाचं नाव गावागावांतून कसं पुसलं गेलं, हा प्रश्न न विचारता शेवटच्या माणसावर बोट ठेवणं सोयीचं असतं. आपल्या समाजाला ही पद्धत ओळखीची आहे. आधी ज्ञानाचं दार बंद करायचं, मग बाहेर उभ्या असलेल्याला अज्ञानी म्हणायचं.

‘तुमच्याकडे जपायची ऐपत नाही’ हे वाक्य जसं लंडन दिल्लीला ऐकवतं, तसंच दिल्ली आणि कलकत्ता सतन्याला ऐकवतात. या वाक्याला उत्तर नागपूरजवळच्या चिचोलीत आहे. बाबासाहेबांचा टंकलेखक, कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू नानकचंद रत्तूंनी सांभाळल्या आणि वामनराव गोडबोल्यांच्या हाती दिल्या. त्या चिचोलीच्या शांतिवनात राहिल्या. सरकारी संग्रहालयाची यंत्रणा हाताशी नसताना एका समाजाने त्या टिकवल्या. पुढे कापड, कागद जीर्ण होऊ लागले तेव्हा शास्त्रीय संवर्धनाची गरज पडली, आणि ती मदत देणं सरकारचं कामच होतं. जपायची इच्छा समाजाकडे असते. तंत्र आणि पैसा सरकारकडे असतो. ऐपत नाही म्हणून वस्तूच द्यायची नाही, यापेक्षा तंत्र आणि पैसा वस्तूच्या मागे पाठवायला हवा.

मग द्यायची कुणाला? दोन जुनी उदाहरणं समोर ठेवते. सांची परिसरातल्या स्तूपांतून १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेझी यांनी सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी काढल्या. त्या इंग्लंडला गेल्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातच राहिल्या. बौद्धांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. १९४७ मध्ये त्या श्रीलंकेला आणि १९४९ मध्ये भारतात आल्या. त्या दिल्लीच्या कपाटात गेल्या नाहीत, महाबोधी सोसायटीच्या हाती दिल्या गेल्या. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या विहारात त्यांची स्थापना झाली. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. तिथे वस्तू खरोखर घरी पोचली.

त्याच १९४९ मध्ये बिहारने बोधगया मंदिर कायदा केला. मंदिराच्या समितीत चार हिंदू आणि चार बौद्ध, आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो हिंदूच असावा, ही अट २०१३ पर्यंत होती. म्हणजे जगभरच्या बौद्धांचं सर्वांत पवित्र स्थळ देशातच आहे, तरी बौद्धांच्या हाती ते पूर्णपणे नाही. १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू तिथे पुन्हा आंदोलनाला बसले ते याच कायद्याविरुद्ध. बोधगया न सोडवता पिपरहवाच्या रत्नांचा उत्सव करणं, हे अर्धं परत आणणं आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. लोक विचारतात, “तुम्ही १९५६ ला बौद्ध झालात. भरहुतशी तुमचं काय नातं? तुमचे पूर्वज त्या खांबांवर आहेत याचा पुरावा काय?” पुरावा नाही, आणि तो द्यायची गरजही नाही. गोरखितेच्या रक्ताचा वारस कोण, हे शोधायला निघालो तर आपण जातीच्याच नियमाने चालू लागू. वारसा जन्माने मिळतो, हे जातीचं सगळ्यात जुनं सूत्र आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे केलं, त्याने ते सूत्र मोडलं. लाखो माणसांनी जन्माने मिळालेलं टाकलं आणि विचाराने निवडलेलं घेतलं. म्हणून भरहुतवर आपला दावा रक्ताचा नाही. ते नाव वाचणाऱ्याचा, तो विचार जगणाऱ्याचा आणि ज्याला शतकानुशतकं वाचनापासून लांब ठेवलं त्याचा हा दावा आहे. भरहुतचे गावकरी आज कोणत्याही धर्माचे असोत, त्यांचाही यात वाटा आहे, कारण दगड त्यांच्या मातीतून गेला. परत आणण्याच्या मागणीला माती-रक्ताच्या घोषणेपासून दूर ठेवायचं असेल, तर वारशाची व्याख्या आपणच अशी मोकळी करायला हवी.

आता नेमकं मागायचं काय, ते सांगते.

पहिलं, लंडन साताऱ्याला तीन वर्षांसाठी वस्तू उसनी देऊ शकतं, तर कलकत्ता सतन्याला का देऊ शकत नाही? दोन्हीकडे भारताचंच सरकार आहे, पासपोर्ट लागत नाही. भरहुतच्या जागेवर चांगलं संग्रहालय बांधावं आणि कलकत्ता, प्रयागराज इथले खांब आळीपाळीने तिथे यावेत. नाजूक असतील त्यांच्या उत्तम प्रतिकृती याव्यात. साताऱ्यासाठी सुरक्षा आणि कपाटं उभी राहिली, मग इथेही राहतील.

दुसरं, भरहुतचा प्रत्येक दगड आज कुठे आहे, त्यावर काय लिहिलं आहे, याची छायाचित्रांसह यादी हिंदी, बघेली आणि मराठीत सर्वांसाठी खुली व्हावी. नाशिकच्या शाळेतल्या मुलीला गोरखितेचा खांब घरबसल्या पाहता आला पाहिजे. भेडाघाटच्या दगडासाठी न्यू हेवनकडे रीतसर मागणी जावी, आणि तो येईपर्यंत त्याचा ठसा व अनुवाद जबलपूरच्या संग्रहालयात लागावा.

तिसरं, अस्थी आणि पूजनीय वस्तूंचा ताबा सांचीच्या धर्तीवर श्रद्धावानांकडे जावा. इतर वस्तूंच्या समित्यांवर स्थानिक गाव, बौद्ध, आदिवासी, कारागीर समाज आणि स्त्रिया यांना मत असलेली जागा मिळावी, नुसतं निमंत्रण नको.

चौथं, पाट्या कोण लिहितं ते पाहा. पुरातत्त्व खातं आणि संग्रहालयं यांतल्या राखीव जागा भरल्या जाव्यात. कोणती वस्तू बाहेर मांडायची, कोणती कोठारात ठेवायची, कुणाचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपली माणसं नसतील, तर परत आलेली वस्तूही परकीच राहील.

शेवटचं तुमच्यासाठी, जे माझ्यासारखे घरातले पहिले पदवीधर आहेत. इतिहास, पुरातत्त्व, पाली, लिपिशास्त्र हे विषय पोट भरणारे नाहीत असं आपल्याला घरी आणि बाहेर सांगितलं जातं. घरच्यांची काळजी खरी असते, पहिल्या पगाराची वाट किती जण बघत असतात ते मला माहीत आहे. सगळ्यांनी हा विषय घ्यावा असं मी म्हणत नाही. पण काहींनी घ्यावा, आणि बाकीच्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं. मूळ ब्राह्मी वर्णमाला दोन-तीन आठवड्यांत ओळखीची होते. माहितीच्या अधिकारात जवळच्या सरकारी संग्रहालयाला विचारता येतं की तुमच्या कोठारात आमच्या तालुक्यातलं काय काय आहे. कलकत्त्याला परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी गेलात तर दोन तास काढून भरहुतच्या दालनात जा आणि खांबांवरची अक्षरं लावून पाहा.

सरकार वस्तू परत आणेल, मिरवणूकही काढेल. त्या खांबावरचं नाव मोठ्याने वाचायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागेल.

जय भीम.